टिपणवहीने घडवलेला शास्त्रज्ञ : मायकेल फॅरेडे

मित्रांनो, पुस्तक मिटलं की चार दिवसांत निम्मं डोक्यातून जातं, ही आपल्या सर्वांचीच तक्रार. थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांचीही हीच तक्रार होती. त्यांना जन्मभर विसरभोळेपणाचा त्रास होता. तरीही ते एवढे मोठे कसे झाले, ते मी आज सांगणार आहे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडमध्ये लंडनजवळ झाला. वडील लोहार होते. ते सारखे आजारी असत, त्यामुळे घरात खाण्यापिण्याची ओढाताण. लिहिणं, वाचणं आणि थोडं गणित, एवढंच त्याचं शिक्षण. तेराव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे कामाला लागला. आधी घरोघरी वर्तमानपत्रं पोचवली, मग सात वर्षे पुस्तकबांधणीची उमेदवारी केली.

बांधायला आलेली पुस्तकं तो फावल्या वेळात वाचून काढी. एका ज्ञानकोशात त्याला विजेची माहिती मिळाली. जेन मार्सेट बाईंच्या पुस्तकातून रसायनशास्त्र कळलं. पण बांधायला आलेली पुस्तकं गिऱ्हाइकांची. काम झालं की परत जायची! मग मायकेलने काय केलं? १८०९ साली त्याने एक वही घातली. वर्तमानपत्रात, मासिकात विज्ञानाचं जे दिसेल ते तो तिच्यात उतरवून ठेवी. वाचलेलं खरं की खोटं हे पाहायला खिशाला परवडतील असे छोटे प्रयोगही करी.

पुढे तो विज्ञानाच्या व्याख्यानांना जाऊ लागला. एका व्याख्यानाला एक शिलिंग फी. ती त्याचा थोरला भाऊ देई. टिपणांत आकृत्या नीट याव्यात म्हणून मायकेल चित्रकलाही शिकला.

त्याची पद्धत मला फार आवडली. व्याख्यानात तो फक्त मुख्य शब्द टिपायचा. घरी आल्यावर त्या शब्दांवरून सगळं आठवून पुन्हा सविस्तर लिहायचा. शेवटी आकृत्या काढून पक्की प्रत करायचा. म्हणजे एकच गोष्ट तीन-चार वेळा मनातून जाई.

त्याची टिपणं एका गिऱ्हाइकाच्या पाहण्यात आली. त्यांनी १८१२ मध्ये त्याला हंफ्रे डेव्ही या नामांकित शास्त्रज्ञांच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. मायकेलने त्यांची तीनशेहून जास्त पानं लिहिली, स्वतः बांधली आणि ते पुस्तक डेव्हींना पाठवलं. पैसा नाही, ओळख नाही, पदवी नाही. जवळ होती ती फक्त वही. मार्च १८१३ मध्ये डेव्हींनी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आपला मदतनीस म्हणून घेतलं.

मोठे झाल्यावरही फॅरेडेंनी वही सोडली नाही. प्रत्येक प्रयोग ते तारीख घालून लिहीत. पुढे परिच्छेदांना क्रमांक देऊ लागले, ते सोळा हजारांवर गेले! १८३१ साली त्यांनी चुंबकापासून वीज निर्माण करता येते हे दाखवलं. कोयनेचं पाणी जी यंत्रं फिरवून वीज तयार करतं, ती याच शोधावर चालतात. २५ ऑगस्ट १८६७ रोजी फॅरेडे वारले. त्यांच्या वह्या मात्र जपून ठेवल्या आहेत.

मी जुन्या वह्यांची कोरी पानं काढून दाभणाने शिवली आणि टिपणवही केली. वर पुस्तकाचं नाव, लेखक आणि तारीख लिहितो. वाचून झालं की पुस्तक मिटून आठवेल ते आपल्या शब्दांत लिहितो, मग पुस्तक उघडून ताडून पाहतो. न कळलेल्या शब्दांना एक पान वेगळं ठेवलं आहे, ते गुरुजींना विचारतो. आकृती असेल तर तीही काढतो.

पुस्तक वाचनालयाला परत करावं लागतं, पण टिपण आपल्याजवळच राहतं. मित्रांनो, कोरी पानं प्रत्येकाच्या घरी आहेत. आई-वडिलांनी एक दाभण आणि थोडा दोरा दिला की झालं!