शब्दांची संगत ओळखणारा शिक्षक : ए. एस. हॉर्नबी

राजे, सेनापति व देशोदेशींचे प्रवासी ह्यांचीं चरित्रें आपण मोठ्या आवडीनें वाचतों. परंतु ज्याचें नांव आपल्या कोशाच्या पहिल्याच पानावर छापलेलें असतें तो गृहस्थ कोण होता, हें जाणण्याची इच्छा क्वचितच कोणास होते. परदेशीय विद्यार्थ्यांस इंग्रजी सुलभ व्हावें म्हणून ज्यांनीं आपलें बहुतेक आयुष्य वेंचलें, त्या आल्बर्ट सिडनी हॉर्नबी ह्यांचें अल्पचरित्र येथें सादर करीत आहें.

हॉर्नबी ह्यांचा जन्म इंग्लंडांतील चेस्टर ह्या जुन्या शहरीं १० ऑगस्ट १८९८ रोजीं झाला. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. १९२४ सालीं, ऐन तारुण्यांत, ते दूर जपान देशीं गेले व क्यूशू बेटावरील ओइता गांवच्या व्यापारी विद्यालयांत इंग्रजीचे शिक्षक झाले. विद्यार्थ्यांस इंग्रजी वाङ्मय शिकवावें म्हणून त्यांस तेथें बोलावलें होतें. परंतु वर्गांत पाऊल टाकल्यावर त्यांस निराळाच अनुभव आला. मुलांपाशीं शब्दांचा सांठा पुष्कळ होता, व्याकरणाचे नियमही मुखोद्गत होते. पण साधें एक वाक्य बोलावयाचें झालें कीं तीं अडखळत. काव्यनाटकांच्या आधीं ह्या मुलांस भाषाच शिकविली पाहिजे, हें हॉर्नबी ह्यांनीं ओळखलें.

ही अडचण कशी असते हें आपणां मराठी बोलणारांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. 'तो कोठें राहतो?' हा प्रश्न झाला. 'तो कोठें राहतो हें मला ठाऊक आहे' असें म्हणतांना प्रश्नांतील एकही शब्द आपण जागचा हलवीत नाहीं. पुढें नुसतें 'हें' जोडतों कीं काम भागतें. जपानी भाषेंतही प्रश्नवाचक शब्द आपल्या जागींच राहतो आणि क्रियापद शेवटीं येतें. इंग्रजीची चाल मात्र वेगळी आहे. तेथें प्रश्न विचारतांना 'व्हेअर डझ ही लिव्ह' असें म्हणावयाचें; परंतु तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटांत शिरला, कीं त्यानें आपला प्रश्नाचा वेष उतरून ठेवला पाहिजे. मग 'आय नो व्हेअर ही लिव्ह्ज' असें होतें, 'डझ' नाहींसा होतो. हें न कळल्यामुळें 'आय नो व्हेअर डझ ही लिव्ह' असें वाक्य मुलाच्या वहींत उतरतें आणि त्यावर तांबड्या शाईची रेघ ओढली जाते.

एवढ्यानें संकट संपत नाहीं. प्रत्येक क्रियापद असें प्रश्नवाचक गौणवाक्य आपल्या पदरीं घेईलच असा नेम नाहीं. 'नो', 'आस्क', 'वंडर' हीं क्रियापदें तें आनंदानें घेतात. 'बिलीव्ह' व 'होप' हीं घेत नाहींत, त्यांस 'दॅट'नें सुरू होणारें वाक्य लागतें. 'टेल' ह्या क्रियापदाबरोबर ज्यास सांगावयाचें तो मनुष्य लगेच जोडतां येतो, म्हणून 'ही टोल्ड मी व्हॉट टु डू' हें शुद्ध. 'एक्सप्लेन'चा अर्थही सांगणें असाच, पण तेथें 'मी'च्या आधीं 'टु' हवा. तसेंच पोहतां येतें असें म्हणावयाचें असेल तर 'आय नो टु स्विम' म्हणून चालत नाहीं. मध्यें 'हाऊ' घातल्यावांचून 'नो' पुढचें क्रियापद स्वीकारीत नाहीं. हीं भाषेचीं अंगवळणें आहेत. इंग्रज बालकास तीं आईच्या मांडीवर लाभतात. परक्या मुलास तीं कोणी दाखविलीं नाहींत तर त्यानें कोठून शिकावीं? जुने कोश शब्दाचा अर्थ सांगत, पण त्याची संगत सांगत नसत.

त्या सुमारास जपानांत हॅरोल्ड पामर ह्या नांवाचे थोर भाषाशिक्षक होते. त्यांच्या पुढाकारानें १९२३ सालीं टोकियो येथें इंग्रजीच्या अध्यापनाचें संशोधन करणारी संस्था स्थापन झाली होती. क्रियापदांच्या मागेंपुढें कोणकोणत्या रचना येतात ह्याचीं कोष्टकें करण्याचा उद्योग पामर ह्यांनीं आरंभिला होता. हॉर्नबी ह्या कार्यांत सामील झाले व पुढें ओइता सोडून टोकियोस आले. १९३६ सालीं पामर स्वदेशीं परतल्यावर कार्याचा भार हॉर्नबी ह्यांच्यावर पडला. लौकरच त्यांनीं गेटन्बी व वेकफील्ड ह्या, जपानांतच शिकविणाऱ्या, दोन सहकाऱ्यांसह एक नवा कोश रचण्यास प्रारंभ केला.

ह्या कोशांत शब्दांचे अर्थ तर होतेच; परंतु खरें नावीन्य दुसरीकडे होतें. इंग्रजी क्रियापदांच्या रचना त्यांनीं पंचवीस सांच्यांत बसविल्या आणि कोणतें क्रियापद कोणत्या सांच्यांत चालतें, हें त्या त्या शब्दापाशीं आंकड्यानें दाखविलें. कोणतें नाम मोजतां येतें व कोणतें येत नाहीं, हेंही खुणेनें सांगितलें. सोबत रोजच्या बोलण्यांतील उदाहरणें दिलीं. आपलें वाक्य बरोबर कीं चूक हें पाहण्यास आतां विद्यार्थ्यास गुरुजींच्या तोंडाकडे पाहण्याची आवश्यकता उरली नाहीं. कोश उघडला कीं उत्तर मिळूं लागलें.

परंतु हें फळ हातीं येण्याच्या वेळींच आकाश काळवंडलें. डिसेंबर १९४१ मध्यें जपाननें अमेरिका व ब्रिटन ह्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारलें. ज्या देशाच्या मुलांस सतरा वर्षें शिकविलें, त्याच देशांत हॉर्नबी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरून स्थानबद्ध झाले. वर्षानुवर्षें केलेलें काम टोकियोंतील प्रकाशकांच्या हातीं राहिलें. १९४२ सालीं त्यांची सुटका होऊन त्यांस स्वदेशीं जावयास मिळालें. आश्चर्याची गोष्ट ही, कीं त्याच साली, इंग्रजांशीं घनघोर युद्ध चाललें असतां, टोकियोच्या काइताकुशा ह्या प्रकाशनसंस्थेनें इंग्रजीचा हा कोश छापून प्रसिद्ध केला. तोफा एकमेकांवर धडाडत होत्या. तरी विद्येचें काम थांबलें नाहीं.

स्वदेशीं परतल्यावर हॉर्नबी ब्रिटिश कौन्सिलच्या सेवेंत शिरले व इराणांत तेहरान येथें शिकवूं लागले. युद्ध संपल्यावर लंडन येथें भाषाविषयक सल्लागार म्हणून त्यांची नेमणूक झाली. १९४६ मध्यें त्यांनीं इंग्रजीच्या शिक्षकांसाठीं 'इंग्लिश लँग्वेज टीचिंग' हें नियतकालिक सुरू केलें. १९४८ सालीं ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें टोकियोच्या कोशाच्या पानांचीं छायाचित्रें घेऊन त्यांवरून तो पुन्हां छापला. हाच पुढें 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' ह्या नांवानें जगभर पसरला. त्याच्या दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्त्या अनुक्रमें १९६३ व १९७४ सालीं निघाल्या. क्रियापदांच्या त्या पंचवीस सांच्यांचें सविस्तर विवेचन करणारा स्वतंत्र ग्रंथही त्यांनीं १९५४ मध्यें प्रसिद्ध केला.

कोशाचा खप वाढला तसें धनही आलें. तें स्वतःच्या सुखासाठीं खर्च करण्यास त्यांस कोणाची आडकाठी नव्हती. परंतु हा पैसा इंग्रजी शिकणाऱ्या परदेशीय मुलांच्या व त्यांच्या पालकांच्या खिशांतून आला आहे, तेव्हां तो शिक्षणाच्या रूपानें त्यांच्याच देशांस परत जावा, असा त्यांचा विचार होता. १९६१ सालीं त्यांनीं आपल्या ग्रंथांच्या उत्पन्नाचा मोठा भाग देऊन एक विश्वस्त निधि स्थापन केला. त्या निधींतून निरनिराळ्या देशांच्या इंग्रजी शिक्षकांस उच्च अभ्यासासाठीं शिष्यवृत्त्या मिळूं लागल्या. असें कृतार्थ जीवन जगून १९७८ च्या सप्टेंबरांत, वयाच्या ८० व्या वर्षीं, त्यांनीं इहलोकीची यात्रा संपविली.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रांत रणांगण नाहीं, सिंहासन नाहीं. आहे तो एक शिक्षक आणि त्याच्यापुढें अडखळणारीं मुलें. मुलांची चूक दिसतांच रागावून स्वस्थ बसणारे पुष्कळ असतात. ती चूक कां होते हें शोधण्यांत आयुष्य घालविणारा एखादाच. पालकांनींही घरीं मुलाची वही तपासतांना हा बोध ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. आणि तुम्हीं नवा शब्द शिकाल तेव्हां त्याचा अर्थ तेवढा पाठ करून थांबूं नका. तो कोणत्या शब्दांच्या संगतींत वावरतो, कोणास जवळ करतो व कोणास दूर ठेवतो, हें कोशांत पहा. मनुष्याची पारख जशी त्याच्या सोबत्यांवरून होते, तशीच शब्दाचीही होते.