उल्मची सोफी

दुसरे महायुद्ध आपण शाळेत शिकतो ते सनावळ्यांत. १९३९ ला सुरू झाले, १९४५ ला संपले. मध्ये हिटलर आणि शेवटी अणुबॉम्ब. खुद्द जर्मनीतल्या, आपल्यासारख्याच कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने या युद्धाला विरोध केला असेल, हे माझ्या कधी मनातही आले नव्हते. सोफी शोलचे चरित्र ग्रंथालयातून हाती आले आणि दोन रात्रींत मी ते वाचून काढले. तिच्या मरणापेक्षा तिचे रोजचे जगणेच मला अधिक जवळचे वाटले.

सोफीचा जन्म ९ मे १९२१ चा, दक्षिण जर्मनीतील फोर्खटेनबेर्ग या लहानशा गावातला. वडील रॉबर्ट शोल तिथले नगराध्यक्ष होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी हाती शस्त्र धरले नव्हते. जखमींच्या शुश्रूषेचे काम पत्करले होते. तिथेच परिचारिका असलेल्या मॅग्डालेनाबाईंशी त्यांची ओळख होऊन पुढे लग्न झाले. इंगे, हान्स, एलिझाबेथ, सोफी आणि वेर्नर अशी ही भावंडे. १९३२ साली हे कुटुंब डॅन्यूब नदीकाठच्या उल्म शहरात राहायला आले.

सोफीला पोहायला आवडे, चित्रे काढायला आवडे, पियानो येत असे. केस मुलासारखे आखूड कापून ती रानात भटकायची. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ही भावंडे त्याच्या युवक संघटनेत उत्साहाने दाखल झाली, हे वाचून मला आधी धक्काच बसला. पण विचार केल्यावर वाटले, गाणी, शेकोट्या, सहली, गणवेश हे सारे तेरा वर्षांच्या मुलीला कोण नको म्हणेल? वडिलांना ते मुळीच पसंत नव्हते. घरात वाद होत. हळूहळू सोफीलाच प्रश्न पडू लागले. वर्गातल्या ज्यू मैत्रिणीला संघटनेत प्रवेश का नाही, हे तिला कळेना. १९३७ साली बंदी असलेल्या युवक गटाशी संबंध ठेवल्याबद्दल गुप्त पोलिसांनी या भावंडांना धरले. सोफीला त्याच दिवशी सोडून दिले. पण घरातला उत्साह मात्र मावळला तो मावळलाच.

त्याच वर्षी एका नृत्याच्या कार्यक्रमात तिची फ्रिट्झ हार्टनागेलशी ओळख झाली. हा तरुण लष्करात अधिकारी होता. दोघांचे प्रेम जमले. दोन वर्षांनी युद्ध पेटले तेव्हा सोफीने त्याला पत्रातून स्पष्ट विचारले की, माणसांचे जीव असे धोक्यात घालणे तुम्हाला पटते तरी कसे. ज्याच्यावर प्रेम करायचे तोच सैनिक, आणि ज्याचा तिरस्कार वाटतो ते युद्ध त्याचेच काम. ही ओढाताण तिने वर्षानुवर्षे सोसली.

आता तो प्रसंग सांगते, ज्याने मला झोप लागू दिली नाही. १९४१-४२ चा हिवाळा. रशियात जर्मन सैनिक थंडीने गारठून मरत होते. सरकारने घरोघरी आवाहन केले की लोकरीचे कपडे, हातमोजे, फर जे असेल ते द्या. सोफीने काहीही द्यायला नकार दिला. फ्रिट्झला हे कळले तेव्हा तो हादरला. आघाडीवर या कपड्यांची किती गरज आहे हे त्याला माहीत होते. पण सोफी मागे हटली नाही. गारठून मरणारा जर्मन असो की रशियन, तिच्या लेखी दुःख सारखेच होते; आणि आपण दिलेली लोकर हे युद्ध लांबवणार असेल तर ती द्यायची नाही, असे तिचे म्हणणे. पुष्कळ वाद झाला. शेवटी फ्रिट्झला ते मान्य करावे लागले.

आमच्या गावातून पिढ्यान्‌पिढ्या मुले फौजेत जातात. माझा आत्येभाऊ सीमेवर आहे आणि आई दर दिवाळीनंतर त्याच्यासाठी स्वेटर विणायला घेते. त्या स्वेटरकडे पाहत मी सोफीचा विचार करत राहिले. मला ते जमले नसते. हिटलरचे युद्ध दुसऱ्याच्या देशावर चाल करून जाण्याचे होते, आपली गोष्ट वेगळी, असे मी स्वतःला समजावले. तरीही पुस्तक मिटवल्यावर मन स्वस्थ झाले नाही.

विद्यापीठात जायचे म्हणून सोफीला दोन वर्षे थांबावे लागले. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे हे थांबणे मला चांगले समजते. १९४० ला शालान्त परीक्षा झाल्यावर तिने बालवाडी शिक्षिकेचा अभ्यासक्रम केला, पण सक्तीची श्रमसेवा काही चुकली नाही. सहा महिने श्रमशिबिरात आणि सहा महिने एका बालवाडीत काढून मे १९४२ मध्ये ती एकदाची म्युनिकला पोहोचली. विषय जीवशास्त्र आणि तत्त्वज्ञान. भाऊ हान्स तिथेच वैद्यकीय शिकत होता.

त्या उन्हाळ्यात ‘पांढरा गुलाब’ या नावाची पत्रके लोकांच्या टपालात येऊ लागली. ती हान्स आणि त्याचा मित्र अलेक्झांडर श्मोरेल यांनी लिहिली होती. सोफीही या कामात ओढली गेली. वडिलांना याच सुमारास तुरुंगवास झाला, कारण कचेरीत ते हिटलरला देवाचा कोप म्हणाले होते! सुट्टीत सोफीला युद्धसाहित्याच्या कारखान्यात राबावे लागले.

पत्रकांचे काम म्हणजे सायक्लोस्टाइलचे यंत्र हाताने फिरवणे, डिरेक्टरीतून पत्ते उतरवणे, पाकिटे चिकटवणे. एकदम जास्त तिकिटे घेतली तर संशय येई, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणांहून थोडी थोडी आणायची. जमाखर्च सोफीकडे. जानेवारी १९४३ मध्ये पाचव्या पत्रकाच्या हजारो प्रती निघाल्या. बॅगेत भरून ती त्या रेल्वेने ऑग्सबुर्ग, उल्म अशा गावी घेऊन जाई. डब्यात तपासणी झाली असती तर सारे संपले असते.

फेब्रुवारीच्या आरंभी स्टालिनग्राडला जर्मन सैन्य शरण आले. १८ फेब्रुवारीला सकाळी हान्स आणि सोफी विद्यापीठात गेले, वर्गांच्या दाराशी पत्रके ठेवली आणि उरलेली सोफीने वरच्या मजल्यावरून खालच्या चौकात लोटून दिली. शिपायाने पाहिले. दोघेही पकडले गेले. काही दिवसांनी विद्यापीठातल्या सभेत विद्यार्थ्यांनी त्या शिपायासाठी टाळ्या वाजवल्या. एवढे वाचून मी पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवले.

२२ फेब्रुवारीला खटला उभा राहिला आणि त्याच दिवशी संपलाही. हान्स, सोफी आणि तीन लेकरांचा बाप असलेला ख्रिस्तोफ प्रोब्स्ट या तिघांना मृत्युदंड झाला. आईवडील तुरुंगात भेटायला गेले. आईने खाऊ आणला होता. हान्सने घेतला नाही. सोफीने मात्र आनंदाने घेतला, कारण ती दुपारची जेवली नव्हती. संध्याकाळी पाचच्या सुमारास तिचा शिरच्छेद झाला. वय एकवीस. एलिझाबेथला हे वर्तमानपत्रातून कळले.

फ्रिट्झ तेव्हा इस्पितळात होता. स्टालिनग्राडच्या थंडीने त्याची बोटे गेली होती आणि वेढ्यातून सुटलेल्या शेवटच्या विमानांपैकी एकाने त्याला बाहेर आणले होते. युद्ध संपल्यावर त्याने एलिझाबेथशी लग्न केले. तो न्यायाधीश झाला आणि सैन्यात जायला नकार देणाऱ्या तरुणांना सल्ला देण्याचे काम त्याने पुढे अनेक वर्षे केले. २००१ साली तो वारला.