दादासाहेबांचा सातबारा

कर्मवीर दादासाहेब गायकवाड म्हटले की आम्हाला १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह आठवतो. नाशिक जिल्ह्यातील आंबे गावचा हा माणूस १९५७ साली लोकसभेत गेला. पण त्यांची खरी कमाई जमिनीच्या लढ्यात आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५९ साली, आमच्या खानदेशातही भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९६४-६५ साली तो देशभर पसरला, लाखो भूमिहीनांनी तुरुंग भरले. मागणी एकच: पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावे करा! १९६७ साली त्यांनी काँग्रेसशी युती केली. त्यावरची टीका आम्हाला रास्तच वाटते. पण त्यापायी सातबाराही सोडून द्यायचा? १९७१ साली दादासाहेब गेले. १५ ऑक्टोबरला चाळीसगावात त्यांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या आम्ही मंडळींनी तालुक्यातल्या गायरान कसणाऱ्यांची साधी यादी तरी केली आहे काय?