कादंबरीकार शिक्षक जॉन गार्डनर

वर्गांत शिकवितां शिकवितां ज्यांनीं कादंबऱ्या लिहिल्या, अशा एका अमेरिकन गृहस्थाचें चरित्र आम्ही ह्या अंकीं वाचकांस सादर करीत आहों.

जॉन गार्डनर यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यांतील बटेव्हिया गांवीं १९३३ सालीं झाला. वडील दुभत्या गाई पाळणारे शेतकरी असून देवळांत उपदेशही करीत. आई इंग्रजी शिकवी. १९४५ च्या एप्रिल महिन्यांत ह्या भाविक कुटुंबावर घोर संकट कोसळलें. अकरा वर्षांचा जॉन ट्रॅक्टर हांकीत होता. मागें ढेंकळें दाबणारें अवजड लोखंडी अवजार जोडलेलें होतें. धाकटा भाऊ गिल्बर्ट खालीं पडला व त्या अवजाराखालीं चिरडून गतप्राण झाला. ह्यांत पोराचा अपराध तो काय! परंतु जॉननें तो आपल्याच शिरीं घेतला, आणि तें दृश्य वर्षानुवर्षें त्याच्या डोळ्यांपुढून हालेना. अखेर १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'रिडेम्प्शन', म्हणजे तारण, ह्या कथेंत त्यांनीं तें दुःख कागदावर उतरविलें.

१९५८ सालीं आयोवा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते लवकरच कॅलिफोर्नियांतील चिको येथील कॉलेजांत शिकवूं लागले. त्यांची स्वतःची एकही कादंबरी तोंपर्यंत छापली नव्हती. वर्गांत रेमंड कार्व्हर नांवाचा, ऐन तारुण्यांतच दोन लेंकरांचा बाप झालेला एक गरीब विद्यार्थी होता. घरीं त्यास लिहावयास निवांत जागा नाहीं, हें कळतांच गार्डनर यांनीं आपल्या ऑफिसची किल्ली त्याच्या हातीं ठेविली. सुटीच्या दिवशीं तेथें बसून तो लिही. त्याची कथा तपासतांना गुरुजी शब्दाशब्दावर, स्वल्पविरामावर देखील थांबत. वह्यांचे गठ्ठे घरीं नेणाऱ्या आम्हां शिक्षकांस त्या श्रमांचें मोल ठाऊक आहे. हाच कार्व्हर पुढें नामांकित कथाकार झाला.

गार्डनर यांची कीर्ति १९७१ च्या 'ग्रेंडेल' ह्या कादंबरीनें पसरली. प्राचीन इंग्रजी काव्यांतील राक्षस तींत स्वतःची कहाणी सांगतो. 'ऑक्टोबर लाइट' ह्या १९७६ च्या कादंबरीस अमेरिकन समीक्षकांच्या मंडळाचें पारितोषिक मिळालें. साहित्यानें जीवनास आधार द्यावा, असें प्रतिपादन करणारें त्यांचें पुस्तक १९७८ सालीं निघालें. त्यांत समकालीन लेखकांवर त्यांनीं जे कोरडे ओढले, ते आम्हांस कांहीं ठिकाणीं अन्यायाचे वाटतात. त्यामुळें पुष्कळ लोक दुखावले.

१४ सप्टेंबर १९८२ रोजीं पेनसिल्व्हेनियांत मोटरसायकलच्या अपघातांत, वयाच्या ४९ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. बटेव्हियाच्या कबरस्थानांत गिल्बर्टच्या शेजारीं त्यांस मूठमाती देण्यांत आली.