रॉबर्ट हूक

मावळात लोणावळ्याजवळ भाजे येथे डोंगर खोदून केलेल्या लहान लहान खोल्या आहेत. पूर्वी त्यांत बौद्ध भिक्षू राहत. आता केवळ भिंती उरल्या आहेत. अशाच रिकाम्या खोल्या रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाला बुचात आढळल्या.

हूकचा जन्म १६३५ मध्ये वाइट बेटावर झाला. बालपणी तो अशक्त होता. परंतु त्याचे हात मोठे कुशल. पितळी घड्याळ पाहून त्याने लाकडाचे चालते घड्याळ बनविले. तेरा वर्षांचा असताना त्याचे पितृछत्र हरपले. तरी त्याने विद्या सोडली नाही. १६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रयोग करून दाखविण्याचे काम त्याच्याकडे सोपविले.

एकदा धारदार चाकूने बुचाचा पातळ काप काढून त्याने तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात मधाच्या पोळ्यासारखी घरे दिसली. त्यांना त्याने लहान खोली या अर्थाचे नाव दिले. मराठीत त्यांना पेशी म्हणतात. एका घन इंचात सुमारे सव्वा अब्ज पेशी असाव्यात, असा हिशेबही त्याने मांडला. १६६५ मध्ये हा शोध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

बूच म्हणजे झाडाची मृत साल; म्हणून हूकला केवळ भिंती दिसल्या. खोलीतील बिऱ्हाड पुढील संशोधकांनी पाहिले. घरधन्यासारखा कारभार पाहणाऱ्या केंद्रकाला १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउनने नाव दिले. चुलीप्रमाणे ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका आणि दारवानाप्रमाणे ये-जा राखणारे पटल यांची ओळख नंतर पटली.

अखेरीस हूकची दृष्टी अधू झाली. १७०३ मध्ये तो निवर्तला. त्याचे खात्रीचे एकही चित्र उपलब्ध नाही. परंतु त्याने उघडलेल्या त्या इवल्या खोलीत विज्ञानाचा शोध अद्याप चालूच आहे.