कारवीचे गोत्र सांगणारे फादर सांतापाव

शीळफाट्याहून कल्याण, मुंब्रा, महापे आणि पनवेलकडे रस्ते फुटतात. पावसाळ्यात तेथून दिसणारे हिरवे डोंगर बहुतेकांच्या लेखी नुसते रान असते. सह्याद्रीच्या अशाच रानातील झाडाझुडपांना अचूक नाव मिळावे, यासाठी फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी आयुष्य वेचले.

स्पेनमध्ये ५ डिसेंबर १९०३ रोजी जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १९२८ साली भारतात आले. लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून १९४० मध्ये ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. खंडाळ्याच्या परिसरात वर्षानुवर्षे हिंडून त्यांनी सिद्ध केलेला तेथील वनस्पतींचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला.

त्यांच्या विशेष आस्थेचा विषय होता वासक कुल. १९५१ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातील या कुलावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कुडाच्या भिंतींसाठी वापरली जाणारी कारवी याच कुलातली. अडुळसा, कोरांटी आणि अबोली ही तिचीच भावंडे. समोरासमोर येणारी पाने आणि तडकून बिया दूर उडविणारी बोंडे ही या घराण्याची खूण. मात्र जवळच्या जाती वेगळ्या करायच्या तर फूल हवेच, आणि कारवी साधारण आठ वर्षांतून एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. हंगाम हुकला की पुढची संधी आठ वर्षांनी. म्हणूनच तिच्या सामूहिक फुलोऱ्याच्या नोंदी सांतापाव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आवर्जून प्रसिद्ध केल्या.

१९५४ मध्ये ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेत मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. १९६१ ते १९६७ या काळात ते तिचे संचालक होते. १९६७ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविले. १३ जानेवारी १९७० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

डोंगर पोखरले जात असताना काय हरपले, हे सांगण्यासाठी आधी तेथे काय होते ते ठाऊक असावे लागते. खंडाळ्यापुरते तरी ते उत्तर सांतापाव यांनी लिहून ठेवले आहे. शीळफाट्याभोवतीच्या टेकड्यांनाही असा नोंदकर्ता लाभायला हवा. २०२४ मध्ये ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात कारवी फुलली. तिचा पुढचा बहर २०३२ च्या सुमारास अपेक्षित आहे.