रिपोर्ट येण्याआधीच रोगाचं नाव घेतलं : हडफड्याचे डॉ. अकासियो व्हिएगस

जोयडा : डिसेंबर उजाडला की आपल्या जंगलपट्ट्यात एक धास्ती सुरू होते. रानात माकड मरून पडलेलं दिसलं की गावात कुजबुज होते आणि त्यातच कुणाला ताप भरला तर घरच्यांचं जेवणावरून मन उडतं. आरोग्य खात्याची माणसं येतात, रक्त घेतात, थंड डब्यात घालून नमुना शिवमोग्याच्या प्रयोगशाळेकडे किंवा पुण्याला जातो. मग वाट बघणं. साधा ताप की माकडताप? १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा विषाणू आता सिद्दापूर, गोव्याचं सत्तरी, सिंधुदुर्गातलं दोडामार्ग अशा सगळ्या बाजूंनी ओळखीचा झालाय. मार्च २०२० मध्ये कोरोना आला तेव्हाही तेच. गोव्याचे नमुने पुण्याला जात होते, भटकळचे नमुने जिल्ह्याबाहेर. रोग गावात, उत्तर दूर.

उत्तर येईपर्यंत काय करायचं, हा प्रश्न जुना आहे. आजचा जोयडा म्हणजे तेव्हाचं सुपा. कारवार, हल्याळ, सुपा हा सगळा मुलूख मुंबई इलाख्यात होता, तेव्हा म्हणजे १८९६ साली मुंबईत या प्रश्नाशी एका गोवेकर डॉक्टराची गाठ पडली. त्या वेळचा रोग विषाणूचा नव्हता, जिवाणूचा होता. पण बाकीची गोष्ट ओळखीची वाटेल.

अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ चा, बारदेशातल्या हडफडे गावचा. पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यातून शिकायला आणि पोट भरायला मुंबई गाठायची हा तिथला रिवाजच होता. व्हिएगस सेंट झेवियर्समध्ये शिकले, १८७४ ला मॅट्रिक झाले आणि १८८० मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातून पहिल्या वर्गात डॉक्टर होऊन बाहेर पडले. नोकरीच्या मागे न लागता त्यांनी दवाखाना टाकला, तो मांडवीत.

गोव्यात मांडवी म्हटलं की नदी. मुंबईची मांडवी वेगळी. मांडवी म्हणजे जकातीची जागा. मस्जिद बंदराला लागून धान्याची कोठारं, गोदामं, वर राहती बिऱ्हाडं, खाली पोत्यांच्या थप्प्या. कच्छी, भाटिया, जैन व्यापारी, हमाल, गाडीवान, बंदरावरचे मजूर, सगळे एकमेकांना चिकटून. धान्य तिथे उंदीर, हे सांगायला नको. शहराच्या पोटातली ही जागा, आणि माल देशभर जायचा तो इथूनच. व्हिएगस या वस्तीत पंधरा-सोळा वर्षं राहिले. रोगी कोण, कुणाच्या घरात किती माणसं, कुठल्या चाळीत मोरी तुंबलेली, हे त्यांना पाठ होतं. पुढे ते महापालिकेत निवडून गेले आणि स्थायी समितीवर बसले. डॉक्टर आणि नगरसेवक, दोन्ही एकाच माणसात.

१८९६ च्या पावसाळ्याच्या शेवटाला मांडवीत माणसं मरायला लागली. ताप एकदम चढायचा, माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खायचा, जांघेत नाहीतर काखेत गाठ यायची आणि दोन-चार दिवसांत खेळ खलास. गोदामांत उंदीर मरून पडत होते. मृत्यूच्या नोंदी होत होत्या, पण इतर तापांच्या नावाखाली. रोगाचं नाव कुणी घेत नव्हतं.

व्हिएगसांनी सप्टेंबरमध्ये मांडवीतलाच असा एक रोगी तपासला. गाठ बघितली, नाडी बघितली आणि ओळखलं. त्याच वस्तीत असे आणखी रोगी निघाले. हाँगकाँगमध्ये १८९४ साली गाठीचा प्लेग फुटला होता, तो अख्ख्या जगाला माहीत होता. तिथेच येर्सां आणि कितासातो यांनी त्याचा जिवाणू शोधला होता. हाँगकाँगची जहाजं मुंबईला येत होती. दोन आणि दोन चार करायला फार मोठी विद्या लागत नव्हती. लागत होती ती हिंमत, कारण प्लेग हा शब्द उच्चारला की बंदर बंद पडणार होतं.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी महापालिकेच्या स्थायी समितीपुढे व्हिएगसांनी सांगून टाकलं की मांडवीत गाठीचा प्लेग आलाय. हातात प्रयोगशाळेचा कागद नव्हता. होता तो डोळ्यांनी बघितलेल्या रोग्यांचा हिशोब.

इथून पुढचे दिवस आज वाचताना जीव वरखाली होतो. आरोग्य अधिकारी डॉ. वेअर यांच्या खात्याची भाषा सावध होती. गाठ येणारा संशयास्पद ताप, असं काहीसं गोलमोल. व्यापारी खवळले. मुंबईचा कापूस, धान्य, कातडी युरोपच्या बंदरांत अडकली तर किती जणांचं दिवाळं निघेल याचा हिशोब त्यांच्याकडे तयार होता. एका खाजगी डॉक्टराच्या शब्दावर शहराला बट्टा का लावायचा, हा त्यांचा मुद्दा. ही माणसं दुष्ट होती असं नाही. खोटी आवई उठली असती तर हमाल आणि गिरणी कामगारच आधी उपाशी मेले असते. पुरावा मागणं चूक नव्हतं. पुरावा येईपर्यंत हात बांधून बसणं चूक होतं, आणि नेमकं तेच वरच्या वर्तुळात बरंच झालं.

तपासणी तरी कशी होती? गाठीत सुई घालून पाणी काढायचं, काचेवर पसरून रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. मग तेच रसात वाढवायचं, उंदरा-सशात टोचून ते मरतात का ते बघायचं. दिवस जायचेच. आणि हे करू शकणारी माणसं सगळ्या हिंदुस्थानात बोटांवर मोजण्याइतकी. आज एका आरटी-पीसीआर यंत्रासाठी तालुका जिल्ह्याकडे आणि जिल्हा राजधानीकडे बघतो, तशीच तेव्हा मुंबई बाहेरच्या तज्ज्ञांकडे बघत होती.

व्हिएगसांचं निदान पडताळायला तज्ज्ञांची चार स्वतंत्र पथकं बोलावण्यात आली. चौघांचाही निकाल एकच, प्लेग. पाठोपाठ कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन यांना बोलावलं. ओडेसाचा हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकला होता आणि १८९३ पासून हिंदुस्थानात कॉलऱ्याची लस टोचत फिरत होता. ऑक्टोबरमध्ये त्याने मुंबईत जिवाणू बघून शिक्कामोर्तब केलं. व्हिएगस बोलल्यापासून मध्ये दोन-तीन आठवडे गेले होते.

दोन-तीन आठवडे ऐकायला थोडे वाटतात. पण त्या काळात मांडवीतून पोती निघत होती, माणसं निघत होती, रेल्वे आणि गलबतं भरून जात होती. पोत्यांबरोबर उंदीर जात होते. उंदरावरच्या पिसवांमुळे रोग पसरतो हे मात्र १८९८ पर्यंत कुणी सिद्ध केलं नव्हतं, कराचीत पॉल-लुई सिमों यांनी ते दाखवलं. तेव्हा सगळा राग घाणीवर आणि गरिबांवर. मोऱ्या धुवा, चुना मारा, समुद्राचं पाणी सोडा. त्यातलं थोडं उपयोगी पडलं, बरंचसं वाया गेलं.

लोकांची भीती मात्र रोगापुरती राहिली नाही. ६ ऑक्टोबरला महापालिका आयुक्त स्नो यांनी हुकूम काढला की संशयित रोग्याला घरातून उचलून इस्पितळात नेता येईल, लागलं तर जबरदस्तीने. आधी रोग नाहीच म्हणणारं प्रशासन एकदम दारात पोलीस घेऊन उभं राहिलं. लोकांनी कुणावर विश्वास ठेवायचा? इस्पितळात नेलं की माणूस परत येत नाही अशी बोलवा झाली. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोड इस्पितळावर चाल करून गेले, मोडतोड झाली. दुसऱ्याच दिवशी हुकूम सौम्य करावा लागला. सफाई कामगार पळून गेले तर शहर सडून मरेल ही आयुक्तांची मोठी भीती होती. ज्या माणसांच्या हातात झाडू त्यांच्याच हातात शहराचा जीव, हे तेव्हा कळलं.

आणि लोक निघाले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईत ८ लाख २१ हजार माणसं होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यातली जवळजवळ निम्मी शहर सोडून गेली. कोकणात, घाटावर, गुजरातेत, गोव्यात. कॅसलरॉकवरून गोव्याला उतरणारी रेल्वे तेव्हा नवीच होती, १८८० च्या दशकाअखेर सुरू झालेली. गावाकडे जाणाऱ्याला आपण रोग नेतोय हे ठाऊक नव्हतं. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याला खात्रीचं सांगणारंच कुणी नव्हतं. पुण्यात प्लेग पोचला, पुढे बेळगाव, धारवाड, हुबळी. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. कोरोनात २०२० साली कर्नाटकाने आणि इतर राज्यांनी वापरला तो हाच. पुण्यात त्या कायद्याखाली गोऱ्या सैनिकांनी घरं तपासली, २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे. त्याआधी १० मार्चला रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, तेही.

या गदारोळात व्हिएगस कुठे होते? मांडवीतच. पळून जाता आलं असतं, हडफड्याला घर होतं. पण ते रोगी बघत राहिले, गल्ल्या साफ करण्यासाठी आणि उंदीर मारण्यासाठी मागे लागले. हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली, तिच्यासमोरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या लवाजम्यावर लस बनवत होता. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना. लस आली तरी लोक दंड पुढे करत नव्हते. सरकारी सुईवर भरवसा नव्हता, आणि त्याला कारण सरकारनेच दिलं होतं. व्हिएगसांनी सुमारे १८ हजार लोकांना लस टोचली. हा आकडा नीट मनावर घ्यावा. एका खाजगी डॉक्टराच्या हातून १८ हजार दंड, तेही लोक इस्पितळं फोडत होते त्याच शहरात. मांडवीच्या माणसाने मांडवीच्या डॉक्टरपुढे दंड केला, कारण रोग आलाय हे त्याने लपवलं नव्हतं. पुढे १८९८ मध्ये हुबळीतही हजारोंनी ही लस घेतली, तेव्हा ती आपल्या पट्ट्यात पोचली.

प्लेग लगेच गेला नाही. पुढची पंचवीस वर्षं तो देशभर फिरत राहिला आणि एक कोटीहून जास्त माणसं त्याने नेली. मुंबईत दाट वस्त्या मोकळ्या करायला १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने रस्ते रुंद केले आणि बऱ्याच गरिबांना बेघरही केलं. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ ला प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. तीच आजची हाफकिन संस्था. म्हणजे नमुना कलकत्त्याच्या माणसाची वाट बघत पडू नये एवढी सोय मुंबईला झाली, साथ फुटल्यावर तीन वर्षांनी.

व्हिएगसांचं सार्वजनिक काम चालूच राहिलं. १९०६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. महापौर हा शब्द १९३१ पासूनचा, त्याआधी अध्यक्षच म्हणत. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले देशी ख्रिस्ती. दहा वर्षांपूर्वी ज्या सभेत त्यांच्या निदानावर शंका घेतली गेली, त्याच सभेचं कामकाज आता ते चालवत होते. १९३३ मध्ये त्यांचं निधन झालं.

मुंबईत त्यांचा पुतळा आहे, धोबीतलावला, मेट्रो सिनेमासमोर. पलीकडेच जेर महाल इमारत, जिथे गावोगावच्या गोवेकरांचे कूड आहेत. बोटीवर नोकरी शोधायला आलेली पोरं वर्षानुवर्षं तिथेच उतरत आली. कूडात ट्रंक ठेवून खाली चहाला आलं की रस्त्यापलीकडे हडफड्याचा डॉक्टर उभा दिसतो.